लग्नघराच्या खुणा

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. रमजान ईद होऊन शव्वाल लागला की शाळेबाहेरचे एक काम आमच्या अंगावर येते. कुणाच्या ना कुणाच्या घरी लग्न निघते आणि त्या घरातले थोरले माणूस येऊन म्हणते, "सर, बोर्ड तुम्हीच लिहून द्यायचा." उर्दूच्या मास्तराचे अक्षर चांगले असणारच, असा गावाचा समज आहे. दारावर 'शादी खाना आबादी', मांडवाच्या कमानीवर 'खुशआमदीद', आत 'मर्दाना' आणि 'जनाना', जेवणाकडे नेणारा एक बाण आणि चौकातून लग्नघराचा रस्ता दाखवणारा दुसरा बाण, एवढ्या पाट्या लागतातच. आता ब्रश आणि रंगाचे डबे गेले. अक्षरे संगणकावर जुळतात आणि फ्लेक्सवर छापून येतात. तरी मजकूर ठरवणे आणि चुका तपासणे आमच्याकडेच राहिले आहे.

पण पाटीचा मजकूर काही एका बैठकीत ठरत नाही. वर ७८६ घालायचे की चंद्रतारा? उर्दू आधी की मराठी आधी? हिरवा रंग हवाच का? नवऱ्याला सेहरा बांधायचा की नाही? नवरीच्या गळ्यात काळी पोत घालायची की ती 'गैर' आहे? घरातला एखादा तरुण नुकताच चार पुस्तके वाचून आलेला असतो, एखादी खाला आपल्या सासरची रीत सांगते, आणि वाद तीन-तीन संध्याकाळी चालतो. प्रत्येकाला वाटते की आपण सांगतो तीच खरी मुसलमानी खूण.

या वादांना आम्ही बरीच वर्षे केवळ कंटाळलो. पण एका विद्यार्थिनीच्या निकाहात जे पाहिले त्यानंतर वाटले, या खुणांचा इतिहास एकदा नीट मांडावा. तो निकाहाचा प्रसंग शेवटी सांगतो. आधी दारापासून सुरुवात करू.

लग्नाला खूण लागतेच कशाला? आपल्याकडे त्याचे उत्तर जुने आहे. निकाह जाहीर करा, असे पैगंबरांचे (स.) म्हणणे हदीसमध्ये आले आहे. हलाल आणि हराम यांतला फरक डफाने आणि आवाजाने कळतो, अशा अर्थाचीही एक हदीस आहे. चोरून केलेल्या संबंधाला आवाज नसतो. लग्नाला असतो, आणि तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कानी पडावा लागतो. म्हणजे डफ ही लग्नाची पहिली पाटी. चौकातला बाण, कमान, रोषणाई हे सारे त्या डफाचेच वंशज. मग पाटीची कसोटीही सोपी होते. ज्याला कळवायचे त्याला ती कळली की नाही, एवढेच पाहायचे.

या कसोटीवर लिपीचा प्रश्न घेऊन पाहू.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९९०च्या दशकात, शेजारी एक आजोबा राहत. धोतर, टोपी, गळ्यात तुळशीची माळ, दर वर्षी पंढरीची वारी. आमच्या मामूंच्या लग्नात पेंटरने कमानीवर 'खुशआमदीद' लिहिले. आजोबा आहेर घेऊन आले, कमानीखाली थांबले आणि म्हणाले, "अरे, यात वाव राहिला की!" उर्दूत 'खुश' हा शब्द लिहिताना मध्ये एक वाव येतो, त्याचा उच्चार होत नाही. पेंटरने कानावर विसंबून तो गाळला होता. मांडवातल्या एवढ्या माणसांत ती चूक दिसली ती एका वारकऱ्याला.

त्याचे कारण इतिहासात आहे. तेव्हाचे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाचा कारभार आधी फारसीत चाले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो उर्दूत आला. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेथे वरचे शिक्षणही उर्दूतून मिळू लागले. ज्याला नोकरी हवी, वकिली करायची, जमिनीचा कागद वाचायचा, तो हिंदू असो की मुसलमान, उर्दू शिके. आमच्या भागात जुन्या जमिनीचा वाद निघाला की आजही उर्दू दप्तर वाचणारा शोधावा लागतो. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. कचेरीची भाषा बदलली. ज्या भाषेत गावातल्या बहुसंख्य लोकांचे बोलणे-चालणे होते तीच कारभाराची झाली, यात खंत करण्यासारखे काही नाही. पण पाटी वाचणारा मात्र बदलला. आजोबांच्या पिढीला कमानीवरचे उर्दू वाचता येई. आज आमच्याच बिरादरीची किती तरी मुले मराठी किंवा इंग्रजी शाळेत जातात. ती कुरआन शरीफची अक्षरे लावून वाचतात, पण उर्दूची ओळ वाचताना अडखळतात. उर्दू पाटी एके काळी साऱ्या गावाची होती, ती आता अर्ध्या मोहल्ल्याची झाली आहे.

हे आम्हाला कळायला आमचीच फजिती व्हावी लागली. काही वर्षांपूर्वी एका लग्नात आम्ही हौसेने सगळ्या पाट्या फक्त उर्दूत केल्या. अक्षर देखणे आले होते. पण गल्लीतल्या मराठी बायका आहेर घेऊन आल्या आणि 'मर्दाना'तच जाऊन बसल्या. त्या ओशाळल्या, पुरुष मंडळी उठून उभी राहिली. 'जनाना' कुठे आहे हे दाखवायला दारात उभा केलेला मुलगा आमचाच भाचा, मराठी शाळेतला. त्यालाही पाटी वाचता येत नव्हती. त्या दिवसापासून आम्ही दोन्ही लिपींत लिहितो आणि दोन्ही अक्षरे सारख्याच आकाराची ठेवतो.

उर्दूचे अक्षर देखणे असण्याचा आणि ते मागे पडण्याचाही एक इतिहास आहे. नस्तालिक लिपीत शब्द उजवीकडून डावीकडे येता येता खाली उतरतो आणि प्रत्येक अक्षर शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलते. शिशाचे सुटे खिळे जुळवून ते साधत नसे. म्हणून उर्दू छपाई दीर्घकाळ शिळाछापावर चालली. कातिब विशिष्ट शाईने हाताने लिही, ते दगडावर उतरवत आणि त्यावरून छापत. हा मार्ग मराठीलाही परका नव्हता. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळाछापावरच. लखनऊला मुन्शी नवल किशोर यांचा छापखाना १८५८ साली निघाला. एका हिंदू मुद्रकाच्या त्या छापखान्यातून उर्दू, फारसी, अरबी ग्रंथांबरोबर कुरआन शरीफच्याही प्रती घरोघरी गेल्या. मराठी देवनागरीला पुढे खिळे मिळाले, उर्दू मात्र विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत कातिबाच्या बोटांवर राहिली. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या 'नूरी नस्तालिक'ने संगणकावर ती अक्षरे आणली आणि १९९४ मध्ये 'इनपेज' आल्यावर गावोगावच्या छपाईवाल्यांना उर्दू जुळवता येऊ लागली. लग्नाचा रुक्का लिहिणारे कातिब त्यानंतर हळूहळू घरी बसले. आता छपाईच्या दुकानातल्या मुलाला उर्दू येत नाही. तो जुन्या रुक्क्यातली ओळ उचलून नव्यात टाकतो. म्हणून आमच्यासारख्याला चुका तपासायला बोलावतात.

आता रुक्क्याच्या माथ्यावरचे ७८६ पाहू. अरबी वर्णमालेतल्या प्रत्येक अक्षराला एक संख्या देण्याची 'अबजद' नावाची पद्धत आहे. 'बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम' यातल्या अक्षरांचे आकडे मांडले तर 'बिस्म'चे १०२, 'अल्लाह'चे ६६, 'अर्रहमान'चे ३२९ आणि 'अर्रहीम'चे २८९ होतात. बेरीज ७८६. याच हिशेबाने शायर लोक एखादी ओळ अशी रचत की तिच्यातल्या अक्षरांची बेरीज लग्नाचे, जन्माचे किंवा मृत्यूचे वर्ष सांगे. लग्नाचा कागद शेवटी रद्दीत जातो, पायदळी येतो. त्यावर अल्लाहचे नाव नको, या अदबीतून आकडा लिहिण्याची चाल पडली. कुरआनात किंवा हदीसमध्ये हा आकडा नाही, तो बिस्मिल्लाहची जागा घेऊ शकत नाही, असे अनेक आलिम सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण हा आकडा लिहिणाऱ्याच्या मनात अदब असते, हेही तितकेच खरे. या एका आकड्यावरून सोयरिकीत तोंडे फिरवण्याचे कारण नाही.

चंद्रताऱ्याची गोष्ट याहून जुनी आहे आणि आपल्यातल्या पुष्कळांना ती ठाऊक नसते. चंद्रकोर आणि तारा ही जोडी इस्लामच्या आधी बायझँटियम शहराच्या आणि इराणच्या सासानी बादशहांच्या नाण्यांवर होती. मुसलमानांनी इराण घेतल्यावर आरंभीची नाणी जुन्याच सासानी ठशाची पाडली, त्यांच्यावर चंद्रतारा तसाच राहिला. पुढे उमय्या खलिफा अब्दुल मलिक यांनी हिजरी ७७, म्हणजे इसवी सन ६९६-९७ मध्ये सोन्याच्या नाण्यांवरून चित्रे काढून केवळ अक्षरे ठेवली. आज दिसतो तसा चंद्रतारा उस्मानी तुर्कांच्या निशाणावर अठराव्या-एकोणिसाव्या शतकात स्थिरावला. हिंदुस्थानात तो घरोघरी ओळखीचा झाला त्यात १९१९ ते १९२४च्या खिलाफत चळवळीचा मोठा वाटा आहे. आमच्या निजामाचे निशाण पाहा. ते पिवळे होते आणि त्याच्या मध्यावर चंद्र नव्हता, कुलचा होता. पहिल्या निजामाला औरंगाबादच्या एका सुफी बुजुर्गांनी पिवळ्या फडक्यात बांधून कुलचे दिले, अशी कथा त्यामागे सांगतात. दक्खनच्या सर्वांत मोठ्या मुसलमान रियासतीला भाकरीची खूण पुरली! मांडवावर चंद्रतारा लावू नका असे आम्ही म्हणत नाही. तो नसला तर लग्न कमी मुसलमानी होते, एवढे मात्र कुणी म्हणू नये.

अंगावरच्या खुणांचेही असेच आहे. नवऱ्याच्या तोंडावर फुलांच्या सरी सोडणारा सेहरा आणि मराठी नवऱ्याच्या कपाळावरून दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या मुंडावळ्या शेजारी ठेवून पाहिल्या तर नाते सांगावे लागत नाही. सेहरा ही दिल्लीच्या दरबारातही मोठी गोष्ट होती. १८५२ साली बहादूरशाह जफर यांचा शहजादा जवाँबख्त याच्या लग्नात मिर्झा गालिब यांनी 'सेहरा' लिहिला. त्यातला शायरीचा दावा बादशहाचे उस्ताद जौक यांना झोंबला, त्यांनी उत्तरादाखल दुसरा सेहरा लिहिला आणि गालिबना पुढे माफीची कविता लिहावी लागली. आमच्याकडेही 'सेहरा पढणारे' होते. नवऱ्याच्या बाप-भावांची नावे गुंफून ते मांडवात कविता म्हणत. आता मांडवात ध्वनिक्षेपकावर गाणे लागते.

दक्खनच्या लग्नाचे जुने वर्णन हवे असेल तर जाफर शरीफ यांचे 'कानून-ए-इस्लाम' पाहावे. एलोरचे हे दक्खनी गृहस्थ. हर्क्लोट्स नावाच्या इंग्रज सरकारच्या डॉक्टरच्या सांगण्यावरून त्यांनी आपल्या लोकांच्या चालीरीती लिहून दिल्या आणि त्याचा इंग्रजी अनुवाद १८३२ साली लंडनला छापून आला. त्यात हळद दोन प्रकारची सांगितली आहे, आधी गुपचूप लावायची ती 'चोर हळद' आणि मग सर्वांसमोर लावायची ती 'साव हळद'. चोर आणि साव ही जोडी मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच्या दक्खनी मुसलमानाच्या तोंडी ती होती. काळ्या पोतीचा लच्छा आमच्या भागातल्या आज्या-नान्यांनी जन्मभर गळ्यात घातला आणि पाच वेळची नमाजही पढली. तो मंगळसूत्राचा शेजारी आहे हे उघड आहे. मण्याला देवत्व कुणी दिले नाही. 'ही लग्न झालेली' एवढेच तो सांगत असे. निकाह त्याने होत नाही आणि त्याने मोडतही नाही.

तर दारावरच्या आणि अंगावरच्या खुणांचा हिशेब असा निघतो. कुणी इराणहून आली, कुणी तुर्कस्तानातून, कुणी शेजारच्या वाड्यातून. यांतली एकही निकाहाची अट नाही. निकाहाला लागते ती मुलीची आणि मुलाची संमती, साक्षीदार आणि मेहर. आणि या अटींचीही एक खूण असते. ती फुलांची नसते, शाईची असते.

या खुणेचे मराठी शब्द पाहा. 'सही' हा शब्द अरबी 'सहीह' म्हणजे बरोबर, खरे, यावरून आला. हदीसच्या 'सहीह' मधला तोच हा शब्द. 'दस्तखत' फारसी, हाताचे लिखाण. 'निशाणी' फारसी. 'शिक्का', 'तारीख', 'करार', 'वकील' अरबी. आणि 'साक्षीदार' हा शब्द तर अर्धा संस्कृत, अर्धा फारसी. मराठी माणूस कोणत्याही कागदावर आपली मोहोर उठवतो तेव्हा त्याच्या तोंडी आपल्या निकाहनाम्याचेच शब्द असतात.

निकाह तोंडी होतो, कागद ही त्याची अट नाही. तरी कागद करण्याची चाल जुनी आहे. सतराव्या शतकातल्या सुरतेचे काही फारसी निकाहनामे आज उपलब्ध आहेत, इतिहासकार शिरीन मूसवी यांनी त्यांचा अभ्यास केला आहे. नवरीच्या बाजूने त्यात चार अटी येतात. ही हयात असता नवरा दुसरे लग्न करणार नाही. मारहाण करणार नाही. खर्चाची सोय न करता ठरल्या मुदतीहून जास्त काळ घर सोडून राहणार नाही. दासी ठेवणार नाही. या अटी शहजाद्यांच्या लग्नातल्या नाहीत, एका बंदरातल्या लोकांच्या रोजच्या व्यवहारातल्या आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या शहरात मुलीच्या बाजूचे लोक कागदावर हे लिहून घेत होते. आज रुक्क्यावर सोनेरी छपाई असते आणि निकाहनाम्यातला अटींचा रकाना कोरा जातो.

इंग्रजी अमलात काझींचे सरकारी पद १८६४ साली बंद झाले. लोकांची अडचण झाली, तेव्हा १८८०चा काझी कायदा आला. त्यात काझी नेमण्याची सोय केली, पण काझी हजर नसला तर निकाहच होत नाही असा अर्थ कुणी काढू नये, हेही लिहून ठेवले. हैदराबादी मुलखात काझींकडे निकाहाची नोंद ठेवण्याची रीत होतीच, तिला 'सियाहा' म्हणत. या साऱ्या नोंदींत नवरीच्या नावापुढे बहुतेक वेळा एकच खूण दिसते, अंगठा.

अंगठ्याचा इतिहासही आपल्या देशातलाच आहे. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अंमलदाराने राज्यधर कोनाई नावाच्या एका ठेकेदाराकडून करारावर आख्ख्या पंजाचा ठसा घेतला. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांचे दप्तर सुरू झाले. लाखो ठशांतून हवा तो नेमका कसा शोधायचा, याचे गणित बसवले ते काझी अजीजुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी माणसांनी. हक हे गणिताचे विद्यार्थी. त्यांनी ठशांची वर्गवारी १०२४ खणांत लावण्याचे सूत्र बसवले. पद्धतीला नाव मात्र त्यांच्या साहेबाचे, एडवर्ड हेन्री यांचे लागले. ठसा खोटा ठरत नाही, हे खरे. पण ठसा देणाऱ्याने कागद वाचला होता की नाही, हे ठसा सांगत नाही.

आता तो प्रसंग. आमची एक विद्यार्थिनी. पहिलीपासून सातवीपर्यंत आमच्या शाळेत शिकली, पुढे डी.एड. झाली. तिच्या लग्नाच्या पाट्या आम्हीच केल्या होत्या. दोन्ही लिपी, वाव जागच्या जागी, बाणाचे तोंड बरोबर दिशेला. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. निकाहाच्या वेळी तिचे मामू वकील होते आणि दोन गवाहांपैकी एक म्हणून आम्ही त्यांच्याबरोबर 'जनाना'त गेलो. रजिस्टर उघडले. मामूंनी विचारले, कबूल आहे का? तिने ऐकू येईल अशा आवाजात हो म्हटले. लगेच कुणी तरी शाईचा डबा पुढे केला. "अंगूठा लेलो, जल्दी करो, बाहर लोगां रुके हैं." बायकांनी तिचा मेंदीचा हात धरला. तिने हात मागे घेतला आणि ओढणीतूनच म्हणाली, "सर, पेन है?"

आम्ही खिसा चाचपला. फ्लेक्सवरची एक मात्रा दुरुस्त करायला घेतलेला जाड मार्कर तेवढा होता. पेन नव्हता. मास्तराच्या खिशात पेन नाही! शेवटी एका मुलीने दप्तरातून काढून दिला.

तिने सही करण्याआधी पान वाचले. मेहरच्या रकान्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "मामू, हे ऐनचे हवे." आम्ही वाकून पाहिले. मेहर दोन प्रकारची असते. एक निकाहाबरोबर किंवा मागताच द्यायची, दुसरी पुढे केव्हा तरी, बहुधा तलाक किंवा मृत्यूनंतर द्यायची. उर्दूत दोघींचे नाव कानाला एकच लागते, 'मुअज्जल'. फरक फक्त लिहिण्यात आहे. रोख मेहरच्या शब्दात ऐन असतो, नंतर द्यायच्या मेहरच्या शब्दात हमजा. ठरले होते रोख. लिहिणाऱ्याने घाईत हमजाचा शब्द लिहिला होता. मुद्दाम केले असे आम्ही म्हणणार नाही. पण एका अक्षराने तिचा हक्क आजच्या तारखेवरून न जाणो किती वर्षे पुढे गेला असता, आणि खाली तिचाच अंगठा असता. मामूंनी ते बाहेर नेऊन दुरुस्त करून आणले. मग तिने सही केली, उर्दूत, पूर्ण नावाची. बाहेर लोक दहा मिनिटे थांबले.

कुणी कुजबुजले की मुलगी फार बोलते. कुमारिकेचे मौन हीच तिची संमती, असे ऐकवले गेले. ती हदीस आहे, पण ती लाजऱ्या मुलीला दिलेली सवलत आहे, बोलणाऱ्या मुलीवरची बंदी नव्हे. खन्सा बिन्त खिजाम यांचे लग्न वडिलांनी त्यांच्या मनाविरुद्ध लावले तेव्हा त्या पैगंबरांकडे (स.) गेल्या, बोलल्या, आणि तो निकाह रद्द झाला, हेही सहीह बुखारीत आहे.

त्या रात्री घरी येताना आमच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. कमानीवरचा न उच्चारला जाणारा वाव राहू नये म्हणून आम्ही एवढे जपलो. निकाहनाम्यातला ऐन मात्र आम्ही गवाह असून पाहिला नव्हता. आपल्या सगळ्या लग्नघरांचे असेच चालले आहे. जी खूण राहिली तरी बिघडत नाही तिच्यावर तीन संध्याकाळी, आणि जिच्यावर पुढचे आयुष्य उभे राहायचे तिला तीन मिनिटे.

आम्हाला एक असेही वाटले. उर्दू शिकवून काय मिळते, असे पालक आम्हाला विचारतात. नोकरीच्या बाजारात त्याचे उत्तर देणे कठीण जाते. त्या दिवशी उत्तर मिळाले, ऐन आणि हमजा यांतला फरक ओळखण्याइतके मिळते. पण ज्या मुली मराठी शाळेत शिकल्या त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी उपाय अवघड नाही. उर्दू शब्दाशेजारी मराठीत 'रोख' किंवा 'नंतर' असे लिहावे. मेहरची रक्कम अंकांत आणि अक्षरांत, दोन्ही लिपींत लिहावी. अटींचा रकाना भरायचा की कोरा ठेवायचा हे आधी बसून ठरवावे. रजिस्टरच्या पानाची प्रत निकाहाच्या दोन दिवस आधी नवरीच्या हाती द्यावी, म्हणजे ऐन घाईत वाचायची वेळ येत नाही. आणि विवाह नोंदणी कायद्याप्रमाणे सरकारी नोंदही वेळेत करून घ्यावी. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८चा कायदा आहे, आणि सर्व धर्मांच्या लग्नांची नोंद व्हावी असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले आहे.

बोर्ड लिहून द्यायला आम्ही आजही तयार असतो. चंद्रतारा हवा असेल तर घालतो, ७८६ नको असेल तर गाळतो, त्यावर वाद करत नाही. फक्त आता विचारायला येणाऱ्याला आधी एक प्रश्न करतो, "निकाहनामा मुलीने वाचला का?" बहुतेक जण गोंधळतात. मग आम्ही चहा मागवतो आणि मेहरपासून बोलायला सुरुवात करतो. पाट्यांचे त्यानंतर ठरते, आणि पुष्कळदा एकाच संध्याकाळी ठरते. निकाहाला जाताना खिशात दोन पेन असतात. एक आमचा, एक नवरीचा.